गलबतापासून रणगाड्यापर्यंत : लष्करी मागणी आणि देशी कारखाना

रणगाडा बनवणाऱ्या कारखान्याला देशात एकच गिऱ्हाईक असते, ते म्हणजे सरकार. सैन्याने मागणी नोंदवली तर कारखाना चालतो. ती आली नाही तर त्याच यंत्रांवर आणि त्याच कामगारांकडून बाजारात खपेल असे दुसरे काही काढणे फार अवघड असते. परदेशी गिऱ्हाईक मिळवायचे म्हटले तरी ते आधी एकच चौकशी करते : बनवणाऱ्या देशाचे स्वतःचे सैन्य हा रणगाडा वापरते का, आणि किती? त्यामुळे एखाद्या देशात रणगाडे बनतील की नाही, याचा निकाल कारखान्याच्या आवारापेक्षा सैन्याच्या मागणीपत्रावर जास्त लागतो.

रणगाड्याच्या खर्चाचे दोन भाग पडतात. पोलाद, इंजिन, तोफ, पट्टे, दुर्बिणी यांचा खर्च प्रत्येक रणगाड्यागणिक होतो. आराखडा, नमुना रणगाडे, चाचण्या, सांगाडा जोडताना तो जागच्या जागी धरून ठेवणारे जिग, जाड चिलखती पत्रा जोडणाऱ्या वेल्डरांचे शिक्षण, तोफेची नळी आतून कोरणारी लांब यंत्रे यांचा खर्च मात्र पहिला रणगाडा बाहेर पडण्यापूर्वीच होऊन जातो. तो शंभर रणगाड्यांवर वाटायचा की हजारांवर, हे मागणी ठरवते. पेणच्या गणपती कारखान्यांत हेच गणित लहान प्रमाणावर चालते. कसबी मूर्तिकाराकडून मूळ मूर्ती घडवून तिचा साचा काढण्याचा खर्च एकदाच होतो आणि साच्यातून जितक्या मूर्ती निघतील तितका तो मूर्तीमागे हलका होतो. फरक गिऱ्हाइकाचा आहे. पेण, हमरापूर, जोहे येथील कारखाने वर्षभर चालतात, कारण भाद्रपद दरसाल येतो आणि मागणी लाखो घरांत विखुरलेली असते. रणगाड्याच्या कारखान्याला असा भाद्रपद नसतो. त्याची मागणी दहा-पंधरा वर्षांतून एकदा येते, तीही एकाच दारातून.

कुलाब्याचा किनारा

लष्करी मागणीवर उभा राहणारा आणि तिच्याबरोबरच खाली बसणारा उद्योग रायगड जिल्ह्याला नवा नाही. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात खाड्या खोलवर आत शिरतात. पेणची भोगावती आणि नागोठण्याची अंबा धरमतरच्या खाडीकडे जातात, तर रोह्याची कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. रोहे आणि सुधागडच्या डोंगरांत साग, खाडीकाठी गलबते बांधणारे सुतार आणि किनाऱ्यावर कोळी-भंडारी खलाशी, असे आरमाराला लागणारे बरेच काही एकमेकांच्या जवळ होते. त्याला जोड हवी होती ती लढाऊ जहाजांच्या सलग मागणीची.

ती शिवाजी महाराजांच्या काळात आली. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर तेथे लढाऊ गलबते बांधण्याचे काम निघाले. १६५९ च्या पोर्तुगीज कागदपत्रांत या कामाची नोंद आहे. रुई लैतांव व्हिएगस आणि त्याचा मुलगा यांच्या देखरेखीखाली शेकडो कारागीर तेथे राबत होते. हे आरमार उद्या आपल्याच अंगावर येईल, हे वसईच्या पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या ध्यानात आले. त्यांनी व्हिएगसला आणि त्याच्या माणसांना काम सोडून निघून जायला लावले. कसब परक्याचे असेल तर ते परक्याच्या इच्छेनेच टिकते, हा धडा सुरुवातीलाच मिळाला. पण मागणी थांबली नाही, म्हणून कामही थांबले नाही. वीस वर्षांनी, १६७९ मध्ये, खांदेरीच्या पाण्यात याच किनाऱ्यावरील गलबते इंग्रज आणि सिद्दी यांच्या जहाजांना तोंड देत होती. १६८० मध्ये अलिबागसमोर कुलाबा किल्ल्याचे काम सुरू झाले.

आरमाराच्या खर्चाचा विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात नेमकेपणाने आला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात सिद्ध झालेल्या या ग्रंथात आरमारासाठी मुलखाच्या महसुलातून कायमची नेमणूक करून द्यावी, ते मिळकतीच्या भरवशावर ठेवू नये, असा सल्ला आहे. मिळेल त्यावर आरमार चालवायचे ठरवले की सावकार-व्यापाऱ्यांना उपद्रव होतो आणि बंदरे बुडतात, हे त्यामागचे कारण. लाकडाबद्दलही शिस्त सांगितली आहे. राज्यातील साग वगैरे झाडे परवानगीने तोडावीत, रयतेच्या आंबा-फणसाला मात्र तिच्या राजीखुशीशिवाय हात लावू नये, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत उभी राहत नाहीत. युद्धसामग्रीचा उद्योग नियमित तरतुदीवर चालतो, हे तत्त्व तीनशे वर्षांपूर्वी मराठीत लिहिले गेले आहे.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात कुलाबा, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग या ठाण्यांवर गुराबा आणि गलबते बांधली जात, दुरुस्त होत. १७२१ च्या अखेरीस इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून कुलाब्यावर केलेली चढाई फसली. कान्होजी १७२९ मध्ये वारले. १७३३ मध्ये त्यांचा मुलगा सेखोजी गेल्यावर भावाभावांत आरमार वाटले गेले, आणि आरमारासोबत कारागिरांना मिळणारे कामही. १७५६ मध्ये इंग्रजांनी विजयदुर्ग घेतला तेव्हा तुळाजी आंग्र्यांची जहाजे बंदरातच जळाली. ही मोहीम पेशव्यांशी झालेल्या करारानंतरची होती. १८४० मध्ये कुलाब्याचे आंग्रे संस्थान इंग्रजांनी खालसा केले. त्यानंतर या खाड्यांत मचवे, पडाव आणि मासेमारीच्या होड्या बांधल्या जात राहिल्या, पण लढाऊ जहाज मागणारे कोणी उरले नाही.

मुंबईची गोदी

त्याच काळात खाडीपलीकडे मुंबईत उलट दिशेने वाटचाल चालू होती. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ मध्ये सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया यांना मुंबईत आणले. १७५० मध्ये तेथे सुकी गोदी तयार झाली. कंपनीची कामे वर्षानुवर्षे मिळत राहिल्याने वाडिया घराण्यात हे कसब पिढ्यान्‌पिढ्या मुरले. नेपोलियनशी युद्ध चालू असताना इंग्लंडमध्ये ओकच्या लाकडाची टंचाई झाली आणि ब्रिटिश शाही नौदलानेच मुंबईकडे मोठी जहाजे मागितली. १८१० मध्ये ७४ तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात उतरले. १८१७ मध्ये बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमध्ये आजही तरंगते आहे. १८४८ च्या ‘मियानी’नंतर मात्र हा ओघ संपला. लोखंडी आणि वाफेवर चालणारी जहाजे आली आणि त्यांची मागणी ब्रिटनमधल्या गोद्यांकडे गेली. मुंबईचे सुतार आपल्या कामात कमी पडले नव्हते. नव्या तंत्राची पहिली मागणी त्यांच्याकडे आली नाही, म्हणून ते तंत्रही त्यांच्यापर्यंत आले नाही.

पुढची मोठी संधी यायला सव्वाशे वर्षे लागली. माझगाव गोदीत बांधलेली ‘निलगिरी’ ही फ्रिगेट १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली. आराखडा ब्रिटिश होता, पण मागणी एका जहाजाची नव्हती, एकाच वर्गाच्या सहा जहाजांची होती. १९८१ पर्यंत ती एकामागून एक निघत गेली. पुढे भारतीय नौदलाने स्वतःचे आराखडे आखले, त्यामागे या सलग मालिकेतून तयार झालेली माणसे होती.

संख्येचे सामर्थ्य

पहिला रणगाडा १५ सप्टेंबर १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत उतरला. संख्या किती काम करते, हे दुसऱ्या महायुद्धात दिसले. अमेरिकेने ऑगस्ट १९४० मध्ये क्रायसलर या मोटार कंपनीला एक हजार रणगाड्यांची मागणी दिली, तेव्हा डेट्रॉइटजवळचा कारखाना उभाही राहिलेला नव्हता. मागणीच्या भरवशावर तो उभा राहिला आणि युद्ध संपेपर्यंत त्या एका कारखान्यातून बावीस हजारांहून अधिक रणगाडे बाहेर पडले. सोव्हिएत संघात टी-३४ रणगाड्याची किंमत १९४१ मध्ये सुमारे २ लाख ७० हजार रूबल होती, १९४३ मध्ये ती निम्म्यावर आली. एकाच नमुन्याचे काम सतत करताना कारागिरांनी अनावश्यक भाग काढून टाकले, जोडकामाची पद्धत सोपी केली आणि दर रणगाड्यामागचे श्रमाचे तास घटवले. उलट जर्मनीचा टायगर रणगाडा एकेकट्या लढतीत भारी होता, पण पहिल्या प्रकारचे सारे मिळून १,३४७ च निघाले. अमेरिकी शेर्मन रणगाड्यांची संख्या ४९ हजारांच्या घरात गेली.

याच अनुभवाला अमेरिकी अभियंता टी. पी. राइट याने युद्धापूर्वीच, १९३६ मध्ये, विमान कारखान्यांच्या आकड्यांवरून सूत्राचे रूप दिले होते. एकूण उत्पादन दुप्पट झाले की प्रत्येक नगामागे लागणारे श्रम ठरावीक प्रमाणात कमी होतात, असे ते सूत्र. रणगाड्यांनाही ते लागू पडते. अट एवढीच की मधे खंड पडता कामा नये. काम थांबले की माणसे पांगतात, आणि पुन्हा सुरू करताना शिकणेही पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

भारतात त्या युद्धात रणगाडे बनले नाहीत. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या सांगाड्यांवर टाटांचा चिलखती पत्रा बसवून चाकांवर चालणाऱ्या साडेचार हजारांहून अधिक चिलखती गाड्या मात्र तयार झाल्या. युद्ध संपले, मागणी संपली आणि ते कामही तेथेच थांबले.

अहमदनगर आणि अवाडी

स्वतंत्र भारताच्या चिलखती दलाचे घर महाराष्ट्रात आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथे १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल आकाराला आले. रणगाड्यावर लढणारे जवान आणि अधिकारी येथे तयार होतात. फाळणीच्या वेळी रावळपिंडीजवळच्या चकलाला येथून लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्थाही अहमदनगरला आली. तीच पुढे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची वाहन संशोधन संस्था झाली. चेन्नईजवळ अवाडीला या कामाची जी शाखा निघाली, तिची १९७० च्या दशकात लढाऊ वाहनांसाठी वेगळी संस्था झाली. वापरणारे नगरला, घडवणारे अवाडीला आणि तोफ-दारूगोळ्याचे अभ्यासक पुण्याला, असे भारतीय रणगाड्याचे काम तीन गावांत वाटले गेले.

प्रत्यक्ष उत्पादनाचा पाया १९६१ मध्ये घातला गेला. ब्रिटनच्या व्हिकर्स कंपनीशी करार झाला, १९६३ मध्ये नमुना तयार झाला आणि अवाडीच्या हेवी व्हेइकल्स फॅक्टरीतून १९६५ च्या सुमारास ‘विजयंता’ बाहेर पडू लागला. ३९ टनांचा, १०५ मिलिमीटर तोफेचा हा रणगाडा सुरुवातीला इंग्लंडहून आलेल्या भागांतून जोडला जाई. पण सैन्याची गरज मोठी होती. सेंच्युरियन, शेर्मन, फ्रेंच एएमएक्स अशा नाना जातींच्या जुन्या रणगाड्यांवर भागत होते आणि १९६५ च्या युद्धाने नव्या रणगाड्यांची निकड दाखवून दिली होती. १९८० च्या दशकापर्यंत दीड हजारांहून अधिक विजयंता तयार झाले. वर्षानुवर्षे तोच भाग लागणार असे दिसल्यामुळे तो देशात बनवण्यासाठी यंत्रे घालणे परवडले आणि आयात भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने उतरत गेले. १९५३ मध्ये सुरू झालेला अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना, म्हणजे यंत्रे बनवणारी यंत्रे घडवणारा कारखाना, याच सरकारी आयुधनिर्माणीच्या साखळीतला.

त्यानंतर सोव्हिएत टी-७२ आला. तोही परवान्याने अवाडीत बनला आणि त्याच्या इंजिनांसाठी अवाडीलाच १९८७ मध्ये वेगळा कारखाना निघाला. रणगाड्याच्या इंजिनासाठी स्वतंत्र कारखाना घालणे परवडते, ते शेकडो इंजिने लागणार याची खात्री असते तेव्हाच.

अर्जुन : १२४ चा प्रश्न

स्वतःच्या आराखड्याचा रणगाडा करण्यास १९७४ मध्ये मंजुरी मिळाली. सुरुवातीची तरतूद साडेपंधरा कोटी रुपयांची होती, पुढे ती तीनशे कोटींच्या वर गेली. १९८० च्या दशकाच्या मध्यावर पहिला नमुना दिसला. या ‘अर्जुन’ रणगाड्याची १२० मिलिमीटरची तोफ पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने आखली, चिलखत हैदराबादच्या प्रयोगशाळेत तयार झाले. देशी इंजिन मात्र वेळेत उभे राहिले नाही, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स जर्मनीहून आणावे लागले.

मार्च २००० मध्ये सैन्याने १२४ अर्जुन मागितले. दोन रेजिमेंटना पुरतील इतकी ही संख्या. पहिले पाच रणगाडे ऑगस्ट २००४ मध्ये हवाली झाले. दरम्यान, फेब्रुवारी २००१ मध्ये रशियाकडून ३१० टी-९० घेण्याचा करार झाला. त्यातले १२४ तयार आणि १८६ अवाडीत जोडायचे होते. पुढे आणखी मागण्या आल्या, एक हजार टी-९० देशात बनवण्याचे ठरले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये आणखी ४६४ ची मागणी अवाडीला मिळाली. एकाच कारखान्यात एका रणगाड्याची मागणी शंभरांत आणि दुसऱ्याची हजारांत असल्यावर कुठल्या रणगाड्याचे सुटे भाग स्वस्त पडणार आणि कुठला पुरवठादार टिकणार, हे आधीच ठरून जाते.

सैन्याचीही बाजू आहे. अर्जुन सुमारे साडेअठ्ठावन्न टनांचा, तर टी-९० साडेसेहेचाळीस टनांचा. पंजाबातील कालव्यांवरचे पूल, रेल्वेच्या वाघिणी आणि ओढून नेणारी वाहने हलक्या सोव्हिएत रणगाड्यांना धरून घडलेली होती. सुरुवातीच्या अर्जुनमध्ये दोषही होते. कमी रणगाडे मागवून ते आधी वापरून पाहावेत, हे सैन्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. अडचण अशी की कमी संख्येमुळे दोष दुरुस्त होण्याचा वेगही कमी राहतो. हजार रणगाडे रोज चालत असले की बिघाड लवकर ध्यानात येतो, तो काढण्यासाठी भागाचा आराखडा बदलणे परवडते आणि बदललेला भाग पुढच्या तुकडीत बसवता येतो. शंभर रणगाड्यांसाठी तेच बदल महाग पडतात.

२०१० च्या वसंतात राजस्थानच्या वाळवंटात अर्जुन आणि टी-९० यांच्या तुलनात्मक चाचण्या झाल्या. अर्जुनची कामगिरी चांगली ठरली आणि त्याच वर्षी आणखी १२४ सुधारित रणगाड्यांना मान्यता मिळाली. प्रत्यक्ष मागणीपत्र निघाले ते २३ सप्टेंबर २०२१ रोजी, ११८ ‘अर्जुन मार्क-१ ए’साठी, ७,५२३ कोटी रुपयांचे. सरळ भागाकार केला तर रणगाड्यामागे सुमारे ६४ कोटी पडतात. मधल्या अकरा वर्षांत पहिली मागणी पुरी झाली होती आणि अर्जुनच्या कामाला पुढची निश्चित मागणी नव्हती. रणगाडाही जड होत ६८ टनांवर गेला. दरम्यान जर्मन कंपनीने त्या इंजिनाचे उत्पादन थांबवले होते. थोड्या इंजिनांसाठी ते पुन्हा सुरू करणे वेळखाऊ ठरल्याने पुरवठा लांबला. देशी १,५०० अश्वशक्तीच्या इंजिनाची पहिली यशस्वी चाचणी मैसुरूला मार्च २०२४ मध्ये झाली, म्हणजे मूळ मंजुरीनंतर पन्नास वर्षांनी.

पुणे, तळेगाव आणि पुरवठादार

रणगाडा एका कारखान्यात जोडला जातो, पण बनतो शेकडो ठिकाणी. पट्ट्याच्या कड्या, खिळी, बेअरिंगची घरे, झडपा, वायरिंगच्या जोडण्या ही कामे लहान कारखान्यांकडे जातात. भोसरी किंवा अंबरनाथच्या एखाद्या लघुउद्योजकाला मोटारीच्या भागांची मागणी दर महिन्याला येते, रणगाड्याच्या भागाची वर्षातून एकदा आणि तीही दोन-तीनशे नगांची. त्यासाठी वेगळे साचे, वेगळे पोलाद आणि कडक तपासणी लागते. पुढची मागणी कधी येईल हे माहीत नसेल तर तो यंत्रे मोटारीच्या कामाला लावतो आणि रणगाड्याचे काम सोडून देतो. दहा वर्षांनी सैन्याला तोच भाग हवा असतो, तेव्हा बनवणारा सापडत नाही आणि तो आयात करावा लागतो. मागणीतल्या खंडाची खरी किंमत मुख्य कारखान्याच्या ताळेबंदात दिसत नाही. ती या लहान पुरवठादारांच्या गळतीत असते.

तोफखान्यातही हेच दिसते. पाषाणच्या संस्थेने आखलेली १५५ मिलिमीटरची ओढून नेण्याची नवी तोफ पुण्याच्या भारत फोर्ज आणि टाटा समूह यांनी बनवली. काम सुरू झाल्यावर साधारण बारा वर्षांनी, मार्च २०२५ मध्ये, ३०७ तोफांचे कंत्राट निघाले. त्यातला मोठा वाटा भारत फोर्जला मिळाला. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीला मोटारींच्या फोर्जिंगचा पाया होता, म्हणून तिला इतकी वर्षे वाट पाहणे जमले. केवळ संरक्षणावर जगणाऱ्या लहान कारखान्याला ते जमले नसते.

लार्सन अँड टुब्रोने दक्षिण कोरियाच्या परवान्याने बनवलेली ‘के-९ वज्र’ ही पट्ट्यांवर चालणारी तोफ दुसरा दाखला देते. मे २०१७ मध्ये १०० तोफांचा करार झाला आणि सुरतेजवळ हजिरा येथे त्यासाठी नवा कारखाना उभा राहिला. सुटे भाग महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक आणि तमिळनाडूतील पुरवठादारांकडून आले. फेब्रुवारी २०२१ मध्ये शंभरावी तोफ मुदतीआधीच दिली गेली. पुढच्या १०० तोफांचा, ७,६२८ कोटींचा करार झाला तो डिसेंबर २०२४ मध्ये. जवळजवळ चार वर्षे कारखाना आणि त्याचे पुरवठादार दुसऱ्या मागणीची वाट पाहत होते. ज्या देशाची ती तोफ, त्या कोरियाने मात्र स्वतःच्या सैन्यासाठी हजाराहून अधिक के-९ बनवून घेतल्या होत्या. त्या जोरावर त्याला तुर्कस्तानपासून पोलंडपर्यंत गिऱ्हाइके मिळाली.

शिकवणाऱ्याचे काय झाले

भारताला रणगाडा बनवायला शिकवणाऱ्या व्हिकर्सची पुढची हकीकत या विषयावर बराच प्रकाश टाकते. शीतयुद्ध संपत असताना ब्रिटिश सैन्याने चॅलेंजर-२ रणगाडा निवडला. १९९१ मध्ये १२७ आणि १९९४ मध्ये २५९, असे ३८६ मागितले गेले. ओमानने ३८ घेतले. आणखी गिऱ्हाईक मिळाले नाही. लीड्सचा कारखाना १९९९ मध्ये बंद झाला. न्यूकॅसलचा कारखाना बंद करण्याची घोषणा २०१२ मध्ये झाली. आता ब्रिटनमध्ये जुन्याच १४८ चॅलेंजर-२ रणगाड्यांची पुनर्बांधणी करून चॅलेंजर-३ तयार केले जात आहेत. पहिला रणगाडा ज्या देशाने रणांगणात उतरवला, त्या देशात नवा रणगाडा मुळापासून बनवणारा कारखाना उरला नाही.

अमेरिकेने वेगळा मार्ग धरला. २०१२ च्या सुमारास तेथील सैन्याने एब्रम्स रणगाड्यांच्या कामात काही वर्षे खंड घ्यावा असे म्हटले. संसदेने मात्र पैसे मंजूर करून ओहायोतील लायमाचा कारखाना चालू ठेवला. यावर उधळपट्टीची टीका झाली. बाजू घेणाऱ्यांचे म्हणणे असे की कारखाना बंद करून पुन्हा उघडण्याचा खर्च आणि पांगलेले कारागीर परत मिळवण्याचे कष्ट, कारखाना धिम्या गतीने चालू ठेवण्यापेक्षा जास्त आहेत.

मोठी मागणी म्हणजे सर्व काही नव्हे

संख्येने सगळे साधत नाही, हेही भारताच्या अनुभवातून दिसते. टी-७२ आणि टी-९० यांची मागणी मोठी आणि बरीचशी सलग होती. त्यातून जोडकामाचे कसब, इंजिनाचा कारखाना आणि पुरवठादारांचे जाळे मिळाले. पण आराखड्याची मालकी रशियाकडे राहिली. टी-९० च्या वेळी काही तंत्रज्ञान हस्तांतरित होण्यात अडथळे आले आणि तोफेच्या नळीसारखे काही भाग देशात नव्याने विकसित करावे लागले. परवान्याच्या मोठ्या मागणीने कारखाना शिकतो, पण आराखडा करणारा शिकत नाही. अर्जुनच्या बाबतीत उलट झाले. आराखडा करणारे शिकले, कारखान्याला मात्र हात बसण्याइतके काम मिळाले नाही.

फार मोठी मागणी एकदम देण्यातही धोका असतो. नमुना पुरता पारखून घेतलेला नसताना हजार रणगाडे मागितले तर त्यातला दोष हजार ठिकाणी जातो. तंत्र झपाट्याने बदलत असताना वीस वर्षांची मागणी एकाच आराखड्यात अडकून पडते. ड्रोनच्या हल्ल्यांनी युक्रेन युद्धात रणगाड्याच्या छताचे संरक्षण हा नवा प्रश्न उभा केला आहे, तो २००० च्या आराखड्यांत जवळजवळ नव्हता. म्हणून मोठी मागणी टप्प्यांत विभागून, पहिली तुकडी चालू असतानाच दुसरीचे सुधारित रूप ठरवून देण्याची पद्धत अधिक उपयोगी ठरते. एकूण संख्या आधी माहीत असल्याने कारखाना आणि पुरवठादार पैसा घालतात, आणि टप्पे असल्याने सैन्याला बदल करून घेता येतो.

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित करून सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. अवाडीचे कारखाने, तेलंगणातील मेदक आणि महाराष्ट्रातील अंबरनाथचा मशीन टूल प्रोटोटाइप कारखाना आर्मर्ड व्हेइकल्स निगम या कंपनीत आले. दारूगोळ्याच्या कारखान्यांची कंपनी पुण्यात मुख्यालय करून बसली. आता हे कारखाने कंपनी म्हणून नफ्या-तोट्याला उत्तरदायी आहेत, पण त्यांचे मुख्य गिऱ्हाईक तेच आहे.

पुढच्या दोन मोठ्या मागण्या समोर दिसतात. लडाखसारख्या उंच प्रदेशासाठी संरक्षण संशोधन संघटना आणि लार्सन अँड टुब्रो यांनी मिळून केलेला ‘झोरावर’ हा हलका रणगाडा २०२४ मध्ये दाखवण्यात आला. अशा हलक्या रणगाड्यांची एकूण गरज ३५४ आहे, त्यातले ५९ या जोडीसाठी राखून ठेवले आहेत. टी-७२ ची जागा घेणाऱ्या १,७७० नव्या रणगाड्यांच्या योजनेला सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक मंजुरी मिळाली. संख्या आणि देशी आराखडा या दोन्ही गोष्टी एकाच योजनेत येण्याची शक्यता पहिल्यांदाच निर्माण झाली आहे. ती प्रत्यक्षात उतरते का, हे तीन गोष्टींवर ठरेल : आराखड्याची मालकी देशात राहते का, मागणी टप्प्यांत पण खंड न पाडता येते का, आणि तिच्यासाठीचा पैसा दरवर्षीच्या ओढाताणीवर न सोडता आधीच नेमून दिला जातो का.